दारापासून मागे

आमच्या मॅडमना रुग्णालयानं पुढची मुदत का दिली नाही, याची निरनिराळी कारणं लोक सांगतात. वय झालं होतं म्हणे. स्वभाव तिखट होता म्हणे. नव्या पद्धतींशी जमत नव्हतं म्हणे. मी तिथं होतो. मॅडमनी एका बसची चावी काढून कनवटीला खोवली आणि मागणाऱ्यांना दिली नाही, हे खरं कारण. ते कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून मी लिहितोय.

मॅडम आमच्या कॅज्युअल्टीच्या प्रमुख होत्या. निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं होतं. दर वर्षी व्यवस्थापन त्यांची मुदत वर्षभरानं वाढवायचं, आणि दर वर्षी ती वाढू नये असं काहीतरी मॅडम करून ठेवायच्या. घोट्यांच्या थोडी वर नेसलेली सुती साडी, पायांत शाळकरी मुलं कवायतीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट, केसांत मोगऱ्याचा गजरा आणि गळ्यात स्टेथोस्कोप. नवा पेशंट आधी बुटांकडे बघायचा, मग गजऱ्याकडे, आणि मग शेजारच्याला हळूच विचारायचा, "डॉक्टर कधी येणार?"

"आली की," मॅडम म्हणायच्या आणि त्यांचं ते बुटकं लाकडी स्टूल ओढून बसायच्या. स्टूल इतकं बुटकं होतं की पेशंटला त्यांच्याकडे खाली बघावं लागायचं. त्यांना तेच हवं असायचं. "वरून बघणाऱ्याला माणूस फक्त उत्तरं देतो," त्या म्हणायच्या. "खाली बसलेल्याला गोष्ट सांगतो."

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाचा. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आई अंगणवाडीत मदतनीस. घरातला पहिला पदवीधर मीच. पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली ती थेट चेन्नईत, तातडीच्या उपचारांच्या विभागात. तमिळचा एक शब्द येत नव्हता. इंग्रजी पुस्तकातलं यायचं, बोलण्यातलं नाही. पहिल्या आठवड्यात मी इतका गप्प होतो की एका परिचारिकेनं मला पेशंट समजून रक्तदाब मोजायला बसवलं.

मॅडमच्या नजरेत मी आलो तो एका म्हाताऱ्या आजोबांमुळे. सून त्यांना घेऊन आली होती. सून तमिळ बोलत होती, आजोबा मात्र डोळे मिटून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. माझ्या बरोबरच्या डॉक्टरनं तपासून लिहिलं, 'असंबद्ध बोलणं'. मी पलंगाजवळून जाताना ऐकलं आणि जागीच थांबलो. आजोबा म्हणत होते, "मज धरा. मी डावे अंगास वाहून चाललों. मज धरा."

ती मराठी होती. माझ्या पणज्याच्या तोंडी शोभावी अशी, तमिळच्या चालीत बोललेली, पण मराठीच. तंजावरकडची घरं पिढ्यान्‌पिढ्या ही बोलतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी धावत जाऊन मॅडमना मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की हे आजोबा असंबद्ध बोलत नाहीत, ते डावीकडे कलंडतायत असं सांगतायत.

मॅडम उठल्या, आजोबांना दोन्ही दंडांना धरून बसवलं आणि हात सैल सोडले. आजोबा खरंच डावीकडे कलंडले. लहान मेंदूत रक्तस्राव होता. वेळेत कळला. शस्त्रक्रिया झाली, आजोबा चालत घरी गेले.

त्या दिवशी मॅडम माझ्याकडे वळून आजोबांच्याच मराठीत म्हणाल्या, "तूं वरल्या देशचा काय रे? आमचे घरांतही हेंच बोलतात. मग इतके दिवस माझ्याशीं इंग्लिशांत काय म्हणून मरत होतास?"

तेव्हापासून माझ्याशी त्या त्यांची जुनी मराठी बोलायच्या आणि बाकी सगळ्यांशी तमिळ किंवा इंग्रजी. ते बाकीचं मी इथं माझ्या मराठीत देतोय.

त्यांची खरी तऱ्हा म्हणजे पेशंटची हकीकत घ्यायची पद्धत. आम्हाला शिकवलेलं असतं, की त्रास कधी सुरू झाला तिथून विचारत पुढे या. मॅडम उलटं करायच्या. त्या कॅज्युअल्टीच्या दारापासून सुरू करून मागे जायच्या. "या दारातून आत कसे आलात? चालत, की कुणाला धरून? त्याआधी? रिक्षातून कोणत्या बाजूनं उतरलात? त्याआधी?" पेशंटनं आणलेली दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी त्या न वाचता उशीखाली सरकवायच्या. "कधी सुरू झालं विचारलंस कीं माणूस आपलें अनुमान सांगतो," त्या मला म्हणाल्या. "रस्ता विचार. रस्त्याविषयीं अनुमान करायास कोणास सुचत नाही."

वेलचेरीच्या एका आयटी कंपनीतली मुलगी आली होती, छातीत धडधड आणि श्वास अपुरा. बरोबरच्या चिठ्ठीवर 'घबराट' असं निदान होतं. मुलीलाही ते पटलेलं. ती माफी मागत होती, की उगाच तुम्हाला त्रास. मॅडमनी दारापासून मागे नेलं. शेअर रिक्षा. त्याआधी स्टेशनचा जिना. "जिना एका दमात उतरलीस?" नाही, मध्ये थांबले. "का? उतरताना कोण थांबतं?" पोटरी दुखत होती. पोटरी का? पाय मुरगळला होता, प्लास्टर कालच काढलं. मॅडमनी तिचा पाय उघडा करायला सांगितला. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड होती. रक्ताची गुठळी पायातून फुफ्फुसात गेली होती. औषध चालू करताना मॅडम तिला ओरडल्या, "परत कधी दुखण्याबद्दल माफी मागशील तर बघ!"

'घबराट', 'गॅस' आणि 'काही नाही' हे शब्द आमच्याकडे बंद होते. कुणाच्या तोंडून निघाले की शिक्षा ठरलेली, दारात जाऊन उभं राहायचं. पेशंट कसे येतात ते बघायचं आणि आत येऊन सांगायचं. मी ही शिक्षा पुष्कळ भोगली. लोक मला दरबान समजून चपला सांभाळायला द्यायचे, व्हीलचेअर आण म्हणायचे. मी आणायचो. छाती दुखणारा माणूस मूठ कुठं धरतो, मुतखड्यानं तळमळणारा एका जागी का थांबत नाही, आणि आतडं फाटलेला जराही का हलत नाही, हे मला पुस्तकानं सांगितलं होतं, पण दिसलं ते दारात.

रुग्णालयानं एकदा भिंतीवर 'कृपया शांतता राखा' अशी सुंदर पाटी लावली. मॅडमनी दुसऱ्या दिवशी ती काढली. व्यवस्थापक खाली आले. मऊ बोलणारे, नेहमी टाय लावणारे गृहस्थ होते.

"मॅडम, ती पाटी बोर्डानं मंजूर केलीय."

"मग बोर्डाच्या खोलीत लावा. इथं ओरडणाऱ्याची मला भीती नाही, त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याची आहे. तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत तर मी शोधू कुणाला?"

व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुदतीचा कागद माझ्याच टेबलावर असतो."

"मग जपून ठेवा. वारा फार येतो तुमच्या खोलीत," मॅडम म्हणाल्या.

बसची गोष्ट त्यानंतरची. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्याशी रुग्णालयाचा नुकताच करार झाला होता. त्यांचे सगळे कामगार आमच्याकडे येणार होते, आणि कंपनीला नाराज करू नका, असं व्यवस्थापकांनी आम्हाला बैठक घेऊन बजावलं होतं. मॅडमकडे बघून दोनदा.

एका सकाळी कारखान्याची एसी बस थेट आमच्या दारात येऊन थांबली. अंबत्तूरच्या वसतिगृहातून पहिल्या पाळीला निघालेल्या मुली. निळे कोट, गळ्यात ओळखपत्रं. काही स्वतः उतरल्या, काहींना उतरवावं लागलं. डोकं फुटतंय, गरगरतंय, मळमळतंय. एक तर पायरीवरच ओकली. बरोबर कंपनीचा एक अधिकारी होता, कडक इस्त्रीचा, कानाला फोन.

"डॉक्टर, आज आमच्याकडे परदेशी पाहुणे येणार आहेत. कामाचा ताण," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "एकीनं ओकलं की सगळ्या ओकतात. मुलींचं ठाऊक आहेच तुम्हाला. एक-एक गोळी द्या, फिट आहेत असं लिहा, मी याच बसनं घेऊन जातो."

मी मुलींना तपासलं. नाडी जरा जलद, रक्तदाब बरा. बोटाला लावायच्या यंत्रावर प्रत्येकीचा ऑक्सिजन उत्तम. वसतिगृहातला नाश्ता बाधला असेल, असं मला वाटलं. मॅडमना मी तसं सांगितलं.

"सर्वांनीं तोच नाश्ता केला काय?"

"हो."

"मग त्या बाहेर उभ्या आहेत, हसताहेत, त्यांस काय म्हणून बाधला नाही?"

मी दाराबाहेर बघितलं. मॅडमनी स्टूल ओढलं आणि सगळ्यात जास्त त्रास होणाऱ्या मुलीसमोर बसल्या. तिचं नाव सेल्वी. बारीक, सावळी, कपाळावर विभूतीची रेघ. डोकं दोन्ही हातांत धरून बसली होती.

"सेल्वी, दारातून आत कशी आलीस?"

"मैत्रिणीला, कलाला धरून, अम्मा."

"त्याआधी?"

"बसमधून उतरले."

"पहिली उतरलीस?"

"नाही, शेवटची. आम्हा मागच्यांना उतरवलं. पुढच्या आधीच उतरल्या होत्या."

मॅडमनी सगळ्या खाटांवरून नजर फिरवली. मग उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "बसमध्ये मागे कोण कोण बसलं होतं? हात वर करा."

खाटांवरचे सगळे हात वर झाले. दाराबाहेर हसत उभ्या असलेल्यांपैकी एकही नाही.

पुढचं भराभर आलं. बसच्या खिडक्या उघडत नाहीत, काचा पक्क्या बसवल्यात. डिझेलचा वास येतो, पण तो रोजचाच. डोकं याआधीही दुखायचं, कारखान्यात पोचल्यावर थोड्या वेळानं उतरायचं. "आणि सुट्टीच्या दिवशी?" मॅडमनी विचारलं.

सेल्वीनं पहिल्यांदाच मान वर केली. "सुट्टीला नाही दुखत, अम्मा. म्हणून तर साहेब म्हणतात, आम्हाला कामाचा आळस आहे."

"ऑक्सिजन!" मॅडम ओरडल्या. "सगळ्यांना मास्क. पूर्ण जोरानं. आणि रक्त पाठवा."

"पण मॅडम," मी म्हणालो, "यंत्र तर ऑक्सिजन भरपूर दाखवतंय. आणि धुराची विषबाधा असती तर चेहरे चेरीसारखे लाल..."

"तो लाल रंग शवागारांत पाहावयास जा. इकडे जिवंत मुली आहेत." त्यांनी सेल्वीच्या बोटावरचं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. "हें रक्ताचा रंग बघतें. धुरांतला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तास धरून बसला तरी रक्त लालच दिसतें. ह्यास भेद कळत नाही. तुज कळला पाहिजे."

मास्क लागले. आणि तेवढ्यात बाहेरून बसच्या इंजिनाचा आवाज आला. अधिकारी पुढच्या बाकांवरच्या मुलींना परत आत चढवत होता. त्यांना कारखान्यात सोडून बस दुसऱ्या वसतिगृहातून आणखी मुली आणणार होती. मागचे बाक रिकामे होते, ते त्यांनी भरणार होते.

मॅडम ज्या चालीनं बाहेर गेल्या तिला पळणंच म्हणावं लागेल. ड्रायव्हरच्या उघड्या खिडकीशी पायरीवर चढल्या, हात आत घातला, इंजिन बंद केलं, चावी काढली आणि साडीच्या कनवटीला खोवली. ड्रायव्हर "अय्यो, अम्मा!" म्हणून नुसता बघत राहिला.

"खाली उतरा ग सगळ्या," त्या मुलींना म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं फोन खाली घेतला. "मॅडम, ही कंपनीची गाडी आहे."

"असू दे."

"चावी द्या."

"नाही."

"तुम्ही काय करताय हे कळतंय का? दुसऱ्या वसतिगृहातल्या मुली वाट बघतायत!"

"म्हणून तर नाही."

व्यवस्थापक धावत खाली आले. टाय खांद्यावर उडालेला. त्यांनी आधी अधिकाऱ्याची माफी मागितली आणि मग मॅडमना बाजूला घ्यायला बघितलं. मॅडम बाजूला झाल्या नाहीत. जे व्हायचं ते बसच्या दारात, मुलींसमोर झालं.

"मॅडम, रक्ताचा अहवाल यायचाय अजून. तुमचा नुसता अंदाज आहे. अंदाजावर दुसऱ्याची गाडी अडवायची? ही चोरी होते. पोलीस बोलावतील ते."

"बोलावू दे ना. पोलीस आले की त्यांना मागच्या बाकावर बसवा, काचा लावा, आणि श्रीपेरुंबुदूरला एक फेरी मारून आणा. उतरल्यावर ते म्हणतील तसं मी करीन."

मुलींमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. व्यवस्थापकांचा आवाज खाली आला. "मॅडम, शेवटचं सांगतो. करार गेला तर मी तुमच्या कागदावर सही करू शकणार नाही. या वर्षी नाही. कधीच नाही."

मॅडमनी कनवटीवर हात ठेवला, चावी आहे ना असं बघितल्यासारखा. "ती सही तुम्ही करा, नका करू. ही बस या मुलींना घेऊन हलणार नाही."

अहवाल मी घेऊन आलो तेव्हा त्या दोघांमध्ये मॅडम तशाच उभ्या होत्या. मी कागद मॅडमना दिला. त्यांनी तो बघितलाही नाही, व्यवस्थापकांकडे दिला. सगळ्या मुलींच्या रक्तात तो वायू होता, आणि सेल्वीच्या रक्तात इतका, की ती अजून थोडा वेळ त्या बाकावर बसली असती तर उतरवावी लागली नसती, उचलावी लागली असती.

अधिकारी दूर जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. दुपारी कंपनीचा मेकॅनिक आला. मागच्या चाकांवरचा बसच्या तळाचा पत्रा गंजून फाटला होता आणि त्याच्या खालीच धुराचा पाइप तडकला होता. मेकॅनिकनं तडा चिकटपट्टीनं बांधला आणि चावी मागितली.

मॅडम चावी घेऊन आत आल्या. अधिकारी मागे, व्यवस्थापक त्याच्या मागे. सेल्वी मास्क लावून उशीला टेकून बसली होती, बरीच सुधारली होती. मॅडमनी तिचा तळहात उघडला, चावी त्यावर ठेवली आणि मूठ मिटवली.

"ही तुझ्याकडे. बस नीट झाली असं तुला आणि तुझ्या मैत्रिणींना पटलं, की द्या. नाही पटलं, नका देऊ."

"अम्मा, मी?" सेल्वी मास्कमधून म्हणाली. "मला नोकरीवरून काढतील."

"काढतील कदाचित," मॅडम म्हणाल्या. "मलाही काढतायत. मी नाही दिली."

अधिकाऱ्यानं हात पुढे केला. सेल्वीनं त्या हाताकडे बघितलं, मग शेजारच्या खाटेवरच्या कलाकडे. कलानं मास्क लावलेलं डोकं हलवलं, नाही म्हणून. सेल्वीनं मूठ पांघरुणाखाली घेतली.

संध्याकाळी कंपनीनं उघड्या खिडक्यांची भाड्याची बस पाठवली. मुली त्यातून गेल्या. तोवर ती चावी पांघरुणाखालीच होती.

व्यवस्थापनानं आम्हा सगळ्यांकडून जबाब घेतले. मला बोलावून सांगितलं, की मॅडमनी चावी कशी हिसकावली एवढंच लिही, तुला पुढे इथंच नोकरी हवी आहे ना. हवी होतीच. गावाकडे सगळे माझ्याकडे डोळे लावून बसले होते. मी मॅडमच्या पद्धतीनं जबाब लिहिला, दारापासून मागे. पहिल्याच वाक्यात चावी, त्याआधी इंजिन, त्याआधी रिकामे बाक, त्याआधी वर झालेले हात, शेवटी गंजलेला पत्रा. व्यवस्थापक म्हणाले, "हे कसलं उलटं लिहिलंय?" मी म्हणालो, "सर, इथं असंच शिकवतात."

मॅडमना मुदत मिळाली नाही. निरोप-समारंभाला त्या आल्या नाहीत. शेवटच्या दिवशी नेहमीसारखे पेशंट बघितले, बूट पिशवीत टाकले, चप्पल घातली. "स्टूल नेत नाहीं," मला म्हणाल्या. "घरीं मज कोणापुढें बसायचें आहे? तूं बैस."

त्यांच्या मागे 'कृपया शांतता राखा' ची पाटी पुन्हा लागली. मी ती काढली. पुन्हा लागली, पुन्हा काढली. सध्या ती माझ्या खणात आहे. मलाही नोकरीवरून अजून काढलेलं नाही. काढलं, तरी पाटी खणातच राहील.

मागच्या महिन्यात दारात एक मुलगी आली, नव्या कंपनीच्या कोटातली, दुसऱ्या एका पोरीला धरून. ती पोर पोट धरून वाकली होती. बरोबरचा पर्यवेक्षक आल्या-आल्या सांगू लागला, "काही नाही डॉक्टर, नुसता गॅस..."

"तुम्ही थांबा," ती मुलगी त्याला म्हणाली. कपाळावर विभूतीची रेघ होती. सेल्वी. "इथं तुम्हाला नाही विचारत."

तिनं मैत्रिणीला खाटेवर बसवलं, कोपऱ्यातलं बुटकं स्टूल स्वतःच पायानं माझ्याकडे सरकवलं, आणि मी बसेपर्यंत वाट बघून म्हणाली, "हं, डॉक्टर. दारातून माझ्या खांद्यावर हात टाकून आली. त्याआधी..."